मासळी बंद नको, तळण्याची रीत बदला

दवाखान्यात रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी सुरू झाली की डॉक्टर दोन शब्द हमखास सांगतात, ‘तळलेले बंद.’ सांगणे बरोबरच आहे. पण वस्तीतल्या घरी पोहोचेपर्यंत त्या दोन शब्दांचा अर्थ बदललेला असतो. ‘तळलेले बंद’ म्हणजे ‘मासे बंद’ असे घरात ठरते. एकासाठी वेगळे आणि बाकीच्यांसाठी वेगळे करायला बाईकडे वेळ नसतो, गॅसही परवडत नाही. मग रविवारी येणारी मासळी सगळ्याच घराची बंद होते. त्याच घरात दहावीतली मुलगी असते, दीड वर्षाचे नातवंड असते, अंगावर पाजणारी सून असते. आजार एकाचा असतो, पण ताटातली ताकद सगळ्यांची कमी होते.

वस्त्यांमधून फिरताना आम्हांला हे पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून या वेळी आपण एका साध्या पदार्थाविषयी बोलू : रवा लावून तव्यावर भाजलेली पांढऱ्या मांसाची मासळी. रश्शातली मासळी चांगलीच, ती करत राहावीच. पण मुले तुकडी मागतात, आणि तुकडी म्हटली की कढईभर तेल आलेच, अशी आपली समजूत आहे. तेवढे तेल लागत नाही. थोड्या तेलात, आत नीट शिजलेली आणि बाहेरून कुरकुरीत तुकडी घरी होते. ती कशी होते हे समजले तर मासळी बंद करण्याची वेळ येत नाही.

पांढऱ्या मांसाची मासळी म्हणजे कोणती?

पापलेट, बोंबील, मांदेली, घोळ ही समुद्राची. रोहू, कटला, मरळ, चिलापी आणि बाजारात बासा म्हणून मिळणारा पंगस ही गोड्या पाण्याची. यांच्या मांसात चरबी बेताची असते, चव सौम्य असते. बांगडा आणि तारली यांचे मांस गडद आणि तेलकट असते. त्यांतले तेल हृदयाला चांगले असते, त्यामुळे तीही आलटून पालटून खावी. मात्र रवा लावून भाजायला पांढरी मासळी सोपी जाते.

पापलेट परवडत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये. साफ केलेल्या १०० ग्रॅम मासळीत साधारण १५ ते २० ग्रॅम प्रथिने असतात, आणि रोहू-कटला यात पापलेटच्या फार मागे नाहीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज येईल. ओल्या बोंबलात पाणी फार असल्यामुळे तेवढ्याच वजनात प्रथिने कमी मिळतात, पण तोही चांगलाच. लहान मुले आणि दात पडलेली म्हातारी माणसे यांच्यासाठी बासाची बिनकाट्याची तुकडी सोयीची. रोहू-कटल्यात मात्र बारीक दुहेरी काटे असतात, ते मुलांना निवडूनच द्यावेत.

आपल्या घरांना मासळी का हवी?

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ५ वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे दर दोन स्त्रियांमागे एकीचे रक्त कमी.

मासळीत स्वतःचे लोह फार नसते, हे खरे. पण मासळीच्या मांसामुळे त्याच जेवणातल्या भाकरीतले, डाळीतले आणि पालेभाजीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. वर लिंबू पिळले तर आणखी मदत होते. म्हणून मासळीबरोबर ज्वारी-बाजरीची भाकरी, एखादी पालेभाजी आणि लिंबाची फोड असे ताट करावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये, तो लोह अडवतो. निदान तासभर थांबावे.

कुरकुरीतपणा तेलाने येत नाही

इथे आपली मोठी गल्लत होते. तुकडी मऊ पडली, रवा सुटला, तव्याला चिकटली की आपण म्हणतो, ‘तेल कमी पडलं.’ आणि वरून पळीभर ओततो. खरे कारण बहुतेक वेळा पाणी असते.

मासळीच्या अंगावर पाणी असेल तर तव्याची सगळी उष्णता आधी त्या पाण्याची वाफ करण्यात जाते. तोवर रवा भिजून लगदा होतो, तुकडीपासून सुटतो आणि तेल पितो. तुकडी कोरडी असेल आणि तवा तापलेला असेल तर रव्याचा थर लगेच घट्ट होतो, त्याला रंग चढतो आणि तो आपोआप तवा सोडतो. हाच रवा आतल्या नाजूक मांसाला थेट चटका बसू देत नाही. त्यामुळे मांस कोरडे पडत नाही, मऊ राहते.

बोंबील पाट्याखाली दाबून त्याचे पाणी काढायची रीत कोकण-मुंबईत जुनीच आहे. तेच तत्त्व प्रत्येक मासळीला लागू आहे.

चार माणसांसाठी कृती

साफ केलेली मासळी अर्धा किलो घ्यावी. बोटभर जाडीपेक्षा, म्हणजे दीड सेंटिमीटरपेक्षा, जाड तुकड्या करू नयेत. साधारण आठ होतात. जाड तुकडी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते.

तुकड्यांना अर्धा लहान चमचा मीठ, पाव चमचा हळद आणि एका लिंबाचा रस किंवा दोन चमचे कोकमाचे आगळ लावून १५ मिनिटे ठेवावे. आगळ खारट असेल तर मीठ आणखी कमी घ्यावे. मिठाने मासळीला पाणी सुटते. ते पाणी टाकून द्यावे आणि तुकड्या स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्याव्यात. हे कापड मग साबण लावून गरम पाण्यात धुवावे.

आता आले-लसणाचे घट्ट वाटण आणि तिखट चोळावे. वाटणात पाणी घालू नये. ताटलीत अर्धी वाटी बारीक रवा आणि दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ एकत्र करावे. तांदळाच्या पिठाने थर घट्ट बसतो. रवा नसेल तर शिळा पाव कडक वाळवून त्याचा चुरा करावा. पावाचा चुरा लावायचा असेल तर आधी तुकडी फेटलेल्या अंड्यात बुडवावी, म्हणजे तो पक्का बसतो, शिवाय अंडेही पोटात जाते. मात्र चुऱ्याचा थर जाड झाला की तो तेल जास्त पितो, म्हणून पातळच ठेवावा.

रवा तव्यावर टाकायच्या अगदी आधी लावावा. सगळ्या तुकड्यांना लावून अर्धा तास ठेवल्या तर रवा ओला होतो. कच्च्या मासळीला लागलेला उरलेला रवा परत डब्यात घालू नये, त्यात मासळीचे जंतू आलेले असतात.

तवा मध्यम आचेवर तापवावा. दोन लहान चमचे तेल पसरावे. रव्याचे चार दाणे टाकून पाहावेत. लगेच चुरचुरले तर तवा तयार आहे. धूर निघाला तर आच कमी करावी. चार तुकड्या एकमेकींपासून सुट्या ठेवाव्यात. दाटी केली की वाफ अडकते आणि तुकड्या भाजण्याऐवजी उकडतात. तीन ते चार मिनिटे हात लावू नये. कालथा खालून सहज सरकला तरच उलटावे, चिकटत असेल तर अजून मिनिटभर थांबावे. उलटल्यावर कडेने एक चमचा तेल सोडावे आणि पुन्हा तीन-चार मिनिटे भाजावे. दुसऱ्या चार तुकड्यांपूर्वी तव्यावरचा करपलेला रवा पुसून काढावा.

लोखंडी तवा या कामाला उत्तम. नॉनस्टिक असेल तर तो रिकामा फार तापवू नये आणि लाकडी कालथाच वापरावा. जर्मनचा पातळ तवा असेल तर आच आणखी मंद ठेवावी.

आत शिजली का, हे कसे ओळखावे?

रंगावर जाऊ नये. रवा तांबूस झाला म्हणजे मासळी शिजली असे नाही. सर्वांत जाड तुकडीच्या मध्यभागी चमच्याचे टोक घालून पाहावे. कच्चे मांस काचेसारखे अर्धपारदर्शक आणि चिवट दिसते. शिजलेले मांस पूर्ण पांढरे होते, पाकळ्या-पाकळ्यांनी सुटते आणि काट्यापासून अलग होते. तसे नसेल तर आच मंद करून दोन मिनिटे आणखी ठेवावे. लिंबाने मासळी बाहेरून पांढरी दिसू लागते, पण त्याने जंतू मरत नाहीत. त्यासाठी आतपर्यंत उष्णता पोहोचावीच लागते.

तेलाचा हिशेब

आठ तुकड्यांना सहा लहान चमचे तेल लागले. चार माणसांत वाटले तर माणशी दीड चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम. त्याच्या कॅलरी ६० ते ६५. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या २,००० कॅलरींच्या आहारात दिवसभराचे तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरले आहे. म्हणजे दिवसाच्या वाट्यातला चौथा भाग तुकडीवर गेला. त्या दिवशी भाजीची फोडणी हलकी करावी, पापड-भजी टाळावीत, हिशेब जुळतो.

तुकडी तव्यावरून काढल्यावरही तेल पीत असते. भाजताना आतली वाफ बाहेर येत असते म्हणून तेल आत शिरत नाही. आच बंद झाली, तुकडी निवू लागली की बाहेर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणून काढल्या काढल्या ती क्षणभर उभी धरून निथळावी आणि जाळीवर किंवा चाळणीत ठेवावी. वर्तमानपत्रावर ठेवू नये. छपाईच्या शाईतले घातक घटक गरम तेलकट अन्नात उतरतात. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही सांगितले आहे.

कढईतले उरलेले तेल गाळून पुन्हा पुन्हा तळायची सवय मात्र सोडलीच पाहिजे. तेच तेल वारंवार तापले की त्यात शरीराला अपायकारक घटक वाढत जातात. हॉटेले आणि गाड्या यांच्यासाठी या घटकांची कमाल मर्यादा २५ टक्के असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी मोजायचे यंत्र नसते. पण तेल काळसर झाले, घट्ट झाले, फेसाळले, लवकर धुरकटले तर ते खाण्याजोगे राहिले नाही, हे ओळखावे. तव्यावर तीन-तीन चमचे वापरले तर असे तेल उरतच नाही, हा या रीतीचा मोठा फायदा आहे.

विकत घेताना आणि ठेवताना

अख्ख्या मासळीचे डोळे फुगीर आणि चकचकीत असावेत, कल्ले लालसर असावेत, अंग बोटाने दाबले तर खळगा भरून यावा. वास समुद्राचा किंवा तळ्याचा असावा, उग्र नसावा. गोठवलेल्या पाकिटात बर्फाचे मोठे खडे साचले असतील तर ते मधे वितळून पुन्हा गोठले असण्याची शक्यता असते, तारीखही पाहावी. बिघडलेली मासळी जास्त मसाला लावून सुधारत नाही. काही विषारी घटक तव्याच्या उष्णतेनेही जात नाहीत.

बाजारातून मासळी सर्वांत शेवटी घ्यावी आणि थेट घरी यावे. फ्रीज नसेल तर त्याच दिवशी, शक्यतो लगेच शिजवावी. भाजलेली तुकडीही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. कडक उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात तर एकच तास. गोठवलेली मासळी गरम पाण्यात वितळवू नये. पिशवी बंद ठेवून थंड पाण्यात ठेवावी आणि वितळल्यावर पुन्हा गोठवू नये. मासळी कापलेल्या विळीवर किंवा सुरीने साबणाने धुतल्याशिवाय कांदा-काकडी चिरू नये.

कोणी काय सांभाळावे?

रक्तदाब असेल तर तेलाइतकेच मिठाकडे लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत मीठ खावे. वरच्या कृतीत माणशी एक ग्रॅमही होत नाही. पण बाजारातले तयार मसाले आणि पाकिटातले फिश फिंगर यांत मीठ बरेच असते. सुके बोंबील, खारवलेली मासळी यांतही तसेच. ती रक्तदाबवाल्यांनी टाळलेली बरी.

मधुमेह असेल तर मासळी चालते, फक्त रव्याचा थर पातळ हवा आणि भाताचा ढीग नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती खावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी नीट शिजलेली मासळी जरूर खावी, मात्र मोरी म्हणजे मुशी टाळावी, तिच्यात पारा जास्त असू शकतो. बाळाला सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की काटे काढून, तिखट-मीठ न घातलेली, कुस्करलेली मासळी देता येते. आधी चिमूटभर द्यावी. मासळीने अंगावर गांधी आल्या, ओठ सुजले तर ती बंद करून दवाखाना गाठावा.

आणि एक जुनी भीती. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येतो, हे खरे नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने कोड येतो, त्याचा या दोन पदार्थांशी संबंध नाही. बाळंतिणीला मासळी वर्ज्य ठेवणे हेही तिच्या शरीरावर अन्यायच आहे. ज्या काळात तिला नेहमीपेक्षा जास्त प्रथिने लागतात, त्याच काळात आपण तिला पेजेवर ठेवतो.

अपघात झाला तर

एका खोलीत स्वयंपाक, अभ्यास, झोपणे सगळे असते. तापलेल्या तव्याजवळ मुलांना येऊ देऊ नये. ओली तुकडी तेलात टाकली की तेल उडते, कोरडी करण्याचे हेही एक कारण. भाजले तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावे. टूथपेस्ट, हळद, तेल, बर्फ काहीही लावू नये. फोड फोडू नये. चेहरा किंवा हाताचा तळवा भाजला असेल, किंवा भाजलेले लहान मूल असेल, तर दवाखान्यात न्यावेच. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून वर ताट झाकावे. पाणी ओतू नये, भडका उडतो.

घशात काटा अडकला तर भाताचे गोळे किंवा केळे गिळवू नये, काटा आणखी खोल रुतू शकतो. खोकून पाहावे, नाही निघाला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. एक वर्षापुढचे मूल गुदमरले, आवाज निघेना, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात आणि लगेच १०८ ला फोन करायला कोणाला तरी सांगावे.

शेवटची गोष्ट : वाटणी

अर्धा किलोत आठ तुकड्या झाल्या, चार माणसे आहेत, तर प्रत्येकाला दोन. गणित सोपे आहे. पण मधल्या मांसल तुकड्या पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात, डोके-शेपटी आणि तव्यावरचा खरवडलेला रवा बाईच्या ताटात, असे किती घरांत चालते हे आपण सगळेच जाणतो. जिचे रक्त कमी तिलाच सर्वांत कमी मिळते. ज्या मुलीची पाळी सुरू झाली आहे तिला भावाइतकीच मासळी हवी, आणि लोह तर त्याच्याहून जास्त हवे.

म्हणून येत्या रविवारी तुकड्या तव्यावरून उतरल्या की आधी चार ताटे मांडा, प्रत्येकात दोन-दोन तुकड्या वाढा, बाईचे ताटही त्याच वेळी वाढा आणि सगळे एकत्र बसून जेवा. ज्यांना रक्तदाब आहे, साखर आहे, त्यांच्याही ताटात त्याच तुकड्या असू द्या.